जुनी लग्झरी गाडी घेताना काय पाहायचं: बडोदेकरांसाठी पायरी-पायरीने

आठ-दहा वर्षं जुनी मर्सिडीज ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यू ५ सिरीज आज एखाद्या नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत मिळते. बडोद्यात तर अशा गाड्यांना तोटा नाही. नंदेसरी-मकरपुऱ्याचे कारखानदार, अलकापुरीतले डॉक्टर आणि वासणा-भायलीकडचे बिल्डर तीन-चार वर्षांत गाडी बदलतात, आणि त्यांची जुनी गाडी दलालांमार्फत आपल्यासारख्यांपर्यंत येते. विकणारा म्हणतो, "एकदम घरनी गाडी छे, भाई." गाडी चकचकीत असते, दार मिटल्याचा जड आवाज कानाला सुखावतो, आणि माणूस तिथेच अर्धा विकत घेतला जातो.

त्या क्षणी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पासष्ट लाखांची गाडी तुम्ही अठराला घेतलीत तरी तिचा हेडलॅम्प, एअर सस्पेंशनचा (स्प्रिंगऐवजी गाडी तोलणाऱ्या हवेच्या पिशव्यांचा) स्ट्रट आणि गिअरबॉक्स पासष्ट लाखांच्या गाडीचेच राहतात. त्यामुळे तपासणीचा क्रम एकच असू शकतो: बिघडल्यावर सगळ्यांत महाग काय पडेल ते आधी पाहायचं, आणि रंग, लेदर, म्युझिक सिस्टीम शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

गाडीआधी वर्कशॉप ठरवा

पहिली पायरी गाडी पाहण्याची नाही. तुम्हाला हव्या त्या ब्रँडचं अधिकृत वर्कशॉप बडोद्यात आहे का, की प्रत्येक कामाला अहमदाबाद किंवा सुरत गाठावी लागेल, हे आधी पाहा. मग त्या ब्रँडवर खरंच हात बसलेला, स्वतःचा स्कॅनर असलेला बाहेरचा एक मेकॅनिक शोधा. वॉरंटी संपलेली गाडी फक्त कंपनीतच दाखवायची म्हटलं तर खिसा रिकामा होतो. उलट "आपण सगळ्या गाड्या करतो" म्हणणाऱ्या गॅरेजात दिली तर गाडीच हातची जाते. असा माणूस सापडला नाही तर त्या ब्रँडचा विचार सोडलेला बरा.

त्याच्याशी बोलूनच इंजिन ठरवा. डिझेल की पेट्रोल, याचं उत्तर तुमच्या रोजच्या फेरीत आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या (एप्रिल २०२० पासूनच्या सगळ्या, आणि आधीच्याही बऱ्याच) सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी सलग वेगात, तापलेलं इंजिन लागतं. रोज रावपुऱ्याहून रेसकोर्स आणि परत, एवढंच तुमचं चालवणं असेल तर फिल्टर तुंबणार हे ठरलेलंच. अशांनी पेट्रोल घ्यावं. आठवड्याला मुंबई-अहमदाबाद करणाऱ्यांनी खुशाल डिझेल घ्यावं. बीएस-६ डिझेलमध्ये ॲडब्लूची (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी आणि ते वायू मोजणारा नॉक्स सेन्सरही येतो. "इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही" असा इशारा मीटरवर असेल तर ते फक्त द्रव भरून सुटणारं प्रकरण आहे की सेन्सर गेलाय, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पेट्रोल घेताना इंधनाच्या झाकणाआतला स्टिकर वाचा. आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या अनेक गाड्यांवर ई-१० लिहिलेलं दिसेल. त्यांच्या इंधनाच्या नळ्या, रबरी सील आणि पंप नीट पाहून घ्यायला मेकॅनिकला सांगा.

कागद घरबसल्या

गाडी बघायला जाण्याआधी नंबर आणि आरसीचा फोटो मागा. देत नसेल तर विषय संपला. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडी कितव्या मालकाकडे आहे, नोंदणीची तारीख, कर्जाची नोंद, विमा आणि पीयूसीची मुदत, गाडी ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, हे दिसतं. ई-चलानच्या पोर्टलवर दंड पाहा. बडोद्यात बऱ्याच लग्झरी गाड्या कंपनीच्या किंवा भागीदारी फर्मच्या नावावर असतात. तिथे सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का हे ठरावाच्या कागदावर बघावं लागतं, नाहीतर नाव बदलताना भागीदारांचं भांडण तुमच्या गळ्यात येतं. अशा गाड्यांचा एक फायदाही असतो: खर्च कंपनीचा म्हणून सर्व्हिस वेळेवर झालेली असते. ड्रायव्हर असल्यामुळे मागची उजवी-डावी सीट झिजलेली आणि पुढची डावी नवी, असं चित्र दिसतं. ते साहजिक आहे.

आता विमा पॉलिसी. ती नुसती मुदतीसाठी पाहतात, पण तिच्यात बातमी असते. नो क्लेम बोनसचे टप्पे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असे चढतात, आणि क्लेम घेतला की शून्यावर येतात. एकाच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीवर बोनस २० टक्के दिसला, तर एक-दोन वर्षांपूर्वी क्लेम झालाय. तो कशाचा, हे विचारा आणि बिल मागा. मालक मध्येच बदलला असेल तर बोनस नव्याने सुरू होतो, कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. तेव्हा हा पुरावा नाही, प्रश्न विचारण्याचं निमित्त आहे.

सर्व्हिस रेकॉर्ड म्हणजे शिक्के नव्हेत. जॉब कार्ड आणि बिलं मागा, त्यांवर तारीख, किलोमीटर आणि बदललेले भाग असतात. मालकाची संमती घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये चॅसी नंबरवरून इतिहास काढून घेता येतो. किलोमीटर एकाच दिशेने वाढत गेलेत का, वर्ष-दीड वर्षाची पोकळी कुठे आहे, तेल वर्षाला एकदा तरी बदललंय का, एवढं पाहा. गाडी कमी चाललीय हे सर्व्हिस चुकवण्याचं कारण होत नाही, उभ्या गाडीतही तेल जुनं होतंच.

त्याच चॅसी नंबरवर रिकॉलही विचारा, म्हणजे दोष निघाल्याने कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावली होती का. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल जगभर झाला आणि त्यात बीएमडब्ल्यू-मर्सिडीजही होत्या. त्यांच्या फुगवणीच्या डबीतलं रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतं, आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. आपल्याकडचा मे-जून आणि त्यामागून येणारा पावसाळा पाहता ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. रिकॉलचं काम कंपनी फुकट करते. दुसरा मोठा प्रकार २०१५ च्या डिझेल उत्सर्जन प्रकरणाचा, म्हणजे फक्त चाचणीत धूर कमी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. त्यात भारतातल्या ऑडीही आल्या होत्या. त्या काळातली ऑडी डिझेल असेल तर सॉफ्टवेअरचं काम झालं का, हे विचारून ठेवा.

दिल्ली-हरयाणाच्या नंबरची गाडी स्वस्त दिसली तर कारण ठाऊक असू द्या. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ पासून राष्ट्रीय हरित लवादाच्या बंदीच्या आदेशाची टांगती तलवार आहे, त्यामुळे नऊ-साडेनऊ वर्षांच्या डिझेल गाड्या तिथून बाहेर पाठवल्या जातात. गाडी चांगली असू शकते. पण दुसऱ्या राज्याची गाडी इथे नोंदवताना तिच्या वयानुसार गुजरातचा कर भरावा लागतो. तो आकडा दलालाकडून नव्हे, दरजीपुऱ्याच्या आरटीओतून काढा आणि गाडीच्या किमतीत मिळवून मगच "स्वस्त" हा शब्द वापरा.

विश्वामित्रीचं पाणी

बडोद्यात जुनी गाडी घेणाऱ्याने यावर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. अकोटा, फतेगंज, समा, कारेलीबाग, मुजमहुडा इथल्या सोसायट्यांची तळघरं आणि पार्किंग पाण्यात गेली. त्याआधी २०१९ च्या जुलैअखेरीसही शहर बुडालं होतं. त्या पाण्यात महागड्या गाड्याही होत्या. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, पैसे देते, आणि सांगाडा लिलावात जातो. तिथून तो कोणीतरी घेतो, धुतो, सुकवतो आणि बाजारात आणतो. बडोद्यात भिजलेली गाडी इंदूरला विकली जाते आणि चेन्नईत भिजलेली आपल्याकडे येऊ शकते. नंबर कुठला आहे यावर भरवसा ठेवू नका.

लग्झरी गाडीत हे साध्या गाडीपेक्षा फार वाईट, कारण तिचं डोकं जमिनीलगत असतं. एअरबॅगचा कंट्रोलर मधल्या कन्सोलखाली असतो. बीएमडब्ल्यूत बॅटरी आणि वायरिंगचा मोठा भाग डिकीत, तर काही मोठ्या ऑडी-मर्सिडीज एसयूव्हींत बॅटरी पुढच्या सीटखाली. गालिचाच्या खालून जाड वायरिंग पसरलेलं असतं. फक्त चार बोटं पाणी आत शिरलं तरी कनेक्टर आतून हिरवे पडायला लागतात, आणि पहिला बिघाड सहा महिन्यांनी, दुसरा वर्षाने येतो. दर वेळी वेगळ्याच जागी.

कसं ओळखायचं? चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. मालक पहिला हातभर पट्टा धुतो, तळाचा विसरतो. तिथे मातीची रेघ किंवा डाग असेल तर दार लावा आणि घरी या. सीट पुढे-मागे सरकवून रुळांवरचा गंज, सीटच्या बोल्टांवरचा गंज, ब्रेक पेडलच्या वरच्या लोखंडी पट्टीवरचा गंज टॉर्चने पाहा. गाडीच्या आत गंजायला कारणच नसतं. गालिच्याचा कोपरा उचलून खालचा फोम हाताने दाबा, तो ओला असला तरी गालिचा वरून कोरडा वाटतो. डिकीचा तळ, स्पेअर व्हीलची खोली, टूलकिटच्या कोनाड्यात साचलेली बारीक गाळमाती. हेडलॅम्पच्या आत धुकं किंवा पाण्याची रेघ. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यांत माती. गाडीत शिरताच अत्तराचा भपका आला तर काचा बंद करून ती दहा मिनिटं उन्हात उभी ठेवा, मग पुन्हा वास घ्या.

कागदांवरही पाणी दिसतं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मधली बिलं वेगळी काढून वाचा. गालिचा, सीटचे मोटर, कंट्रोल युनिट, वायरिंगचा संच असं काही एकाच बिलात आलं असेल, किंवा त्यानंतर वर्षभर सर्व्हिसच नसेल, किंवा थोड्याच दिवसांत दोनदा नाव बदललं असेल, तर मला आणखी पुरावा लागत नाही. "फक्त पायापर्यंत पाणी होतं" म्हणणाऱ्यांनाही माझं उत्तर नाहीच असतं. साध्या मारुतीला ते माफ करता येईल, जर्मन गाडीला नाही.

पाणी वरूनही येतं. पॅनोरॅमिक सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. धूळ-पाल्याने त्या तुंबल्या की पावसाचं पाणी पायाशी किंवा डिकीत उतरतं. छताच्या कापडावर, खांबांच्या कडेला पिवळट डाग आहेत का बघा. हे पुरापेक्षा बरं, पण ते किती दिवस चाललं होतं हे कोणी खरं सांगत नाही.

सकाळची, थंड गाडी

विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा: सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. तापलेलं इंजिन आपले दोष लपवतं.

एअर सस्पेंशनची गाडी असेल (एस-क्लास, जीएल, क्यू७, रेंज रोव्हर आणि अशा बऱ्याच) तर दाराजवळ जाण्याआधी दुरून उंची पाहा. एक कोपरा बसलेला असेल तर तिथली हवेची पिशवी रात्रभर गळतेय. सुरू केल्यावर गाडी उठते, पण कंप्रेसर किती वेळ घरघरतो हेही ऐका. गळती चालू ठेवून वर्षभर कंप्रेसर पळवला की तोही जातो, आणि मग दोन्ही बदलावे लागतात.

सुरू करताना बॉनेट उघडा आणि एक माणूस बाहेर उभा करा. पहिले दोन-चार सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर तो टायमिंग चेनचा (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणाऱ्या साखळीचा) असू शकतो. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. तेलाच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस नको. मग एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवा. बडोद्याच्या उन्हाळ्यात या गाड्यांचे प्लास्टिकचे कूलंट पाइप, थर्मोस्टॅट आणि बीएमडब्ल्यू पेट्रोलमधला विजेवरचा वॉटर पंप वयाने हार मानतात. तापमानाचा काटा मध्यभागी स्थिर राहिला पाहिजे. एसीचा डावा-उजवा झोत वेगळा थंड लागला तर डॅशबोर्डमधला फ्लॅपचा मोटर गेलाय. भाग छोटा असतो, पण तो बदलायला अर्धा डॅश उतरवावा लागतो.

एक-एक बटण दाबून बघायला लाजू नका. सीटच्या सगळ्या दिशा, सनरूफ, डिकीचा मोटर, चारही काचा, कॅमेरा, सेन्सर. दोन्ही चाव्या हातात घ्या. चाकांना चोरीविरोधी बोल्ट असतील तर त्याचा अडॅप्टर गाडीत आहे का तपासा. तो हरवलेला असला तर पंक्चरच्या वेळी रस्त्यावरच कळतं.

रंग आणि टायर, थोडक्यात

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मेकॅनिककडे असतं. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १६० मायक्रॉनचा, पुन्हा रंगवलेला २०० च्या पुढे, आणि पुट्टी भरली असेल तर आकडा एकदम उडी मारतो. दरवाजा रंगवलेला असणं गुन्हा नाही, आपल्या शहराची पार्किंगची जागा पाहता साहजिकच आहे. खांब, छत आणि चॅसीच्या पुढच्या बाहूंवर पुट्टी हा गुन्हा. २०१२ नंतरच्या रेंज रोव्हरसारख्या ॲल्युमिनियमच्या बॉडीवर साधं चुंबकी यंत्र काहीच दाखवत नाही, त्यासाठी दोन्ही धातू ओळखणारं लागतं.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान खोली, पण महामार्गावर मी ३ च्या खाली जाणार नाही. क्वात्रो, एक्सड्राइव्ह, फोरमॅटिक अशा चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायर एकसारखे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर, ताण येतो. रनफ्लॅट (पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणारे) असतील तर चारांचा भाव आधीच काढा, ऐकून मटकन बसायला होईल.

चालवून पाहताना

विकणारा तुम्हाला अकोटा-दांडिया बाजार पुलावरून एक फेरी मारून आणेल. ते पुरत नाही. आधी मांडवी-चांपानेर दरवाजाच्या गर्दीत न्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या रांगत्या वेगात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स धक्के देतो का, डी वरून आर ला टाकताना थांबून "ठक्" करतो का, हे तिथेच कळतं. स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे वळवून आवाज ऐका. अलकापुरीच्या गरनाळ्याच्या उतारावर आणि सोसायटीच्या गतिरोधकांवर खालून लाकडासारखी टकटक आली तर कंट्रोल आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश गेलेत. ते मोठ्या जड गाड्यांत जातातच, खर्च फक्त भावात धरा.

मग गोल्डन चोकडीवरून अहमदाबाद एक्सप्रेसवेवर घ्या. मर्यादेतल्या वेगात गाडी सरळ धावते का, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, ७०-८० च्या वेगात हलका पाय ठेवल्यावर रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी कुरकुर होते का. हे शेवटचं लक्षण टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) किंवा गिअरबॉक्सच्या तेलाचं असू शकतं. परत आल्यावर गाडी पाच मिनिटं सुरू ठेवा, बंद करा, आणि लगेच पुन्हा चटकन सुरू होते का बघा.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल एक गैरसमज बडोद्यापासून म्युनिकपर्यंत आहे. "ते आयुष्यभरासाठी भरलेलं असतं" असं कंपन्यांनीच सांगितलं. पण बीएमडब्ल्यू, ऑडी, जग्वार अशा कितीतरी गाड्यांना आठ-गिअर बॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत तेल बदला म्हणते. लाखभर चाललेल्या गाडीचं हे बिल दाखवू शकणारा मालक भेटला तर त्याला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

लिफ्ट आणि स्कॅनर

गाडी पसंत पडली तरी ही पायरी चुकवायची नाही. तुमच्या मेकॅनिककडे किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये, तुमच्या खर्चाने. खालून तेलाचे ओघळ, गिअरबॉक्सच्या पॅनची गळती, वाकलेले किंवा वेल्ड केलेले भाग, ब्रेक डिस्कवर कोरलेली किमान जाडी आणि आताची जाडी.

स्कॅनर ब्रँडचा हवा: मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस किंवा त्यांच्या तोडीचं काही. ऑनलाइन मिळणारं पाचशे रुपयांचं यंत्र फक्त इंजिनाशी बोलतं, या गाड्यांत डझनभर कंट्रोल युनिट असतात. विकणाऱ्याने आदल्या रात्री सगळे कोड पुसले असतील तर तेही दिसतं, कारण प्रदूषणाशी संबंधित स्वयंचाचण्या "अपूर्ण" दाखवतात. त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस चालावी लागते. किलोमीटर फक्त मीटरमध्ये लिहिलेले नसतात. इतर युनिटांत, बीएमडब्ल्यूच्या तर चावीतही नोंद असते. तिथले आकडे जुळले नाहीत तर मीटर मागे फिरवलाय. डिझेलमध्ये फिल्टरमधली काजळी आणि राख किती, इंजेक्टरची दुरुस्तीमात्रा (संगणकाला इंधन किती कमी-जास्त करावं लागतंय) किती, हेही याच वेळी काढायला सांगा.

कोणत्या गाडीत कशाकडे जास्त पाहावं

बीएमडब्ल्यूचं साधारण २०११ पर्यंतचं दोन लिटर डिझेल, एन४७: टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, इंजिनाच्या मागे. झिजली की काम करायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेन बदलल्याचं बिल नसेल तर भावातून तेवढी रक्कम वजा करा. मर्सिडीजच्या ओएम६५१ डिझेलचीही चेन मागेच असते, पण तिथे सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजेक्टरच्या तक्रारी जास्त होत्या. ऑडीचं २०१२ च्या आसपासपर्यंतचं दोन लिटर टीएफएसआय पेट्रोल तेल पिण्यासाठी प्रसिद्ध आहे. मालकाला विचारा की दोन सर्व्हिसच्या मधे किती लिटर टाकता, आणि डिकीत तेलाचा डबा ठेवलाय का ते बघा. लहान ऑडीतल्या कोरड्या क्लचच्या सात-गिअर बॉक्सचं मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा त्याचा मेंदू) हा दुखरा भाग. जुन्या ए४-ए६ मधला मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्स मी घेणार नाही.

बीएमडब्ल्यूचं व्ही-८ एन६३, जुन्या रेंज रोव्हरचं तीन लिटर डिझेल (क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या तक्रारी जगभर आहेत), बारा सिलिंडरचं काहीही: पहिली लग्झरी गाडी म्हणून यांच्याकडे वळू नका. भाव इतका खाली का आलाय, हे विकणाऱ्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

भाव आणि पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. त्यामुळे "मी नवीन इतक्याला घेतली होती" हा आकडा निरुपयोगी आहे. आज नवी कितीला पडते ते धरून खाली या. व्यापाऱ्याकडून घेताना तो १८ टक्के जीएसटी सांगेल. तो त्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो, पूर्ण किमतीवर नाही.

मेकॅनिकच्या तपासणीतून निघालेल्या कामांचं लेखी एस्टिमेट घ्या आणि ते समोर ठेवून बोला. शब्दांपेक्षा तो कागद जास्त काम करतो. शिवाय पुढच्या दुरुस्त्यांसाठी किमतीच्या पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवता येत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या. दसऱ्याला दारात उभी राहिलीच पाहिजे, ही घाई विकणाऱ्याला लगेच दिसते. मुहूर्त टोकनचा धरा, गाडीचा नको.

बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस या कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांत गाडी महाग पडते, पण वॉरंटी मिळते. आठ वर्षांच्या आतल्या गाडीला तो जास्तीचा पैसा मला योग्य वाटतो. वॉरंटीत एअर सस्पेंशन आणि इलेक्ट्रॉनिक्स धरलंय का, एवढं वाचून सही करा. इतर व्यापाऱ्याकडे जात असाल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम आहे, ते पाहायला मागा.

रोख रकमेचा खेळ करू नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. आरसीवर ज्याचं नाव, त्याच्याच खात्यात पैसे जाऊ द्या. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम थेट बँकेत भरा आणि उरलेली मालकाला द्या. टोकन देताना साध्या कागदावर एक ओळ लिहून घ्या: तपासणीत पाणी, अपघात किंवा मीटरचा फरक निघाला तर टोकन परत.

नाव बदलणं

फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या राज्याची किंवा दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो. "सह्या करून ठेवल्यात, निवांत नाव लावा" म्हणणाऱ्या दलालाला तिथेच थांबवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. हे विकणाऱ्याला समजावलंत तर तोच तुमच्यापेक्षा घाई करेल.

विम्यात नाव बदलायला १४ दिवस असतात. तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीसोबत येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. नवी पॉलिसी घेताना इंजिन संरक्षणाचं ॲड-ऑन घ्या, बुडालेलं इंजिन सुरू करायला गेल्यावर होणारं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही.

ताबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यात, कागदांत काहीही लिहिलेलं असलं तरी, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि सगळे फिल्टर बदलून टाका. गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल नसेल तर तेही. बॅटरी नवी घातली तर बीएमडब्ल्यूत ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंगचं गणित चुकतं. जुन्या मालकाच्या फोनवरचं गाडीचं ॲप त्याच्यासमोरच खात्यातून काढायला लावा, कारण ते राहिलं तर गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहतं आणि काही मॉडेलांत दारंही उघडता येतात. त्याचा फास्टॅग काचेवरून काढा आणि तुमचा लावा.